मतमोजणी सोमवारी

३ डिसेंबर २०२३ला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगणाची मतमोजणी झाली. पाचवं राज्य मिझोरामही त्याच वेळापत्रकात होतं, पण तिथली यंत्रं त्या दिवशी कुलपातच राहिली. तो रविवार होता आणि मिझोराममध्ये रविवार चर्चचा असतो. आयझॉलच्या बाजारपेठेला त्या दिवशी टाळं असतं, रस्त्यावर गाड्या विरळ असतात, माणसं सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला जातात. चर्चच्या पुढाऱ्यांच्या समितीने निवडणूक आयोगाकडे तारीख बदलून मागितली. सामाजिक संघटना रस्त्यावर आल्या. सत्ताधारी मिझो नॅशनल फ्रंट, विरोधातली झोराम पीपल्स मूव्हमेंट, काँग्रेस, भाजप, सगळ्यांचं म्हणणं तेच होतं. १ डिसेंबरला आयोगाने मोजणी सोमवारवर नेली.

आयोग चर्चपुढे वाकला, असं म्हणणारे आहेत. त्यांनी जरा मागचं बघावं. त्याच वर्षी राजस्थानचं मतदान २३ नोव्हेंबरवरून २५वर गेलं, कारण २३ला देवउठनी एकादशी होती आणि त्या दिवशी तिथे लग्नांची झुंबड असते. तीच आपली कार्तिकी. २०२२मध्ये गुरू रविदास जयंतीसाठी पंजाबचं मतदान सहा दिवस पुढे गेलं. २०२४मध्ये बिष्णोई समाजाच्या आसोज अमावस्येमुळे हरियाणाचं मतदान १ ऑक्टोबरवरून ५वर गेलं. आणि आपल्या राज्याचा मुख्यमंत्री दर आषाढीला पहाटे सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतो. ज्या राज्याला यात काही वावगं वाटत नाही, त्याने मिझोरामच्या रविवारावर बोट ठेवू नये. माणसं मतदार होण्याआधी माणसं असतात. त्यांचा सण, त्यांची एकादशी, त्यांचा रविवार सांभाळून निवडणूक घेणं हे आयोगाचं कामच आहे.

तारखेचा वाद मी इथेच मिटवतो. मिझोराममध्ये चर्च राजकारणात किती आणि कसं आहे, हा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि महाराष्ट्रात त्याची चर्चा होत नाही.

२०११च्या जनगणनेप्रमाणे या राज्यात ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. लोकसंख्या तेव्हा जेमतेम ११ लाख, आणि साक्षरता ९१ टक्क्यांच्या वर. ११ जानेवारी १८९४ला लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, पोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. त्यानंतर पन्नास-साठ वर्षांत सगळा समाज ख्रिस्ती झाला. ११ जानेवारीला आजही तिथे सरकारी सुट्टी असते. अशा ठिकाणी धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा, असं दिल्लीत किंवा पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. उमेदवार, मतदार, पोलीस, कलेक्टर कचेरीतला कारकून, रविवारी सगळे एकाच बाकावर बसतात. श्रद्धा तिथे राजकारणात येणारच. मी बघतो ते एवढंच, की ती आल्यावर कोणाकडे काय मागते. स्वतःच्या माणसांकडे शिस्त मागत असेल तर मला ती हवी आहे. पोलिसाची काठी मागायला लागली तर मला तिची धास्ती वाटते.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

२००६मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने मिझोराम पीपल्स फोरम उभा राहिला. इतर चर्च आणि सामाजिक संघटना सोबत आल्या. निवडणूक आली की हा फोरम सगळ्या पक्षांना बोलावतो आणि एका करारावर त्यांच्या सह्या घेतो. पैसे वाटायचे नाहीत. कार्यकर्त्यांना आणि मतदारांना जेवणावळी घालायच्या नाहीत. झेंडे, फलक, कर्णे यांना मर्यादा. उमेदवाराने घरोघर फिरून मतं मागायची नाहीत. त्याऐवजी फोरम गावोगावी, वस्तीवस्तीत एकच सभा लावतो. त्या सभेत मतदारसंघातले सगळे उमेदवार एका रांगेत बसतात. प्रत्येकाला ठरलेला वेळ मिळतो, पाळीपाळीने बोलतात, समोर सगळ्या पक्षांचे लोक बसून ऐकतात. आमदारही तिथेच आणि त्याच्या विरोधात पहिल्यांदा उभा राहिलेला शिक्षकही तिथेच. कोणाची सभा मोठी, कोणाची छोटी, हा प्रश्नच उरत नाही, कारण सभाच एक असते.

महाराष्ट्रातली कुठलीही महापालिकेची निवडणूक आठवा. आदल्या रात्रीची पाकिटं आठवा. धाब्यांवर महिनाभर चालणारी उधारी आठवा, सोसायटीला रंग देऊन मिळवलेली मतं आठवा. आचारसंहिता आपल्याकडेही आहे, तिच्यामागे कायदा आहे, भरारी पथकं आहेत, नाक्यानाक्यावर कॅमेरे आहेत. फोरमकडे यातलं काही नाही. त्याच्या करारामागे कुठलाही कायदा उभा नाही. नियम मोडणाऱ्याचं नाव समाजात जाईल एवढीच भीती आहे, आणि तिथे ती पुरते. देशातल्या सर्वांत स्वच्छ निवडणुकांत मिझोरामचं नाव घेतलं जातं, त्यात या कागदाचा मोठा वाटा आहे.

ही ताकद आली कुठून? माझ्या मते तांदळाच्या डब्यातून.

१९१०पासून मिझो घरांत एक रीत आहे. भात शिजवायला घेताना घरातली बाई एक मूठ तांदूळ काढून वेगळ्या डब्यात टाकते. सकाळच्या जेवणाची एक मूठ, संध्याकाळच्या जेवणाची एक मूठ. ठरलेल्या दिवशी चर्चच्या महिला मंडळातल्या बायका वस्तीतून फिरतात, घराघरातले डबे रिकामे करतात, पोती भरतात. तो तांदूळ विकला जातो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. घर गरीब असो की मंत्र्याचं, मूठ तीच. वर्षाकाठी या मुठींचे कोट्यवधी रुपये होतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा भागात मुष्टिफंड चालवला होता. घरोघरच्या बायकांनी जात्यावर बसताना बाजूला ठेवलेल्या मूठभर धान्यावर रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातली पोरं जेवली, शिकली, साहेब झाली.

मुठीचा पैसा राजकारणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ज्या मंडळाचा मांडव नगरसेवकाच्या पैशाने उभा राहतो, ज्या सप्ताहाची पंगत आमदार घालतो, ज्या महाराजांच्या आश्रमाचा रस्ता मंत्री करून देतो, त्यांना नगरसेवकाला, आमदाराला आणि मंत्र्याला दोन शब्द सुनावता येत नाहीत. महाराष्ट्रातल्या धार्मिक संस्थांचं तोंड इथेच बंद झालं आहे. सगळ्यांचं नाही, पण बहुतेकांचं. दहीहंडीच्या फलकावर गोविंदांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात. मिझो चर्चचा खर्च स्वयंपाकघरातून येतो, म्हणून ते उमेदवाराच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकतं, की बाबा रे, जेवणावळ घालायची नाही.

याच डब्यापाशी माझी पहिली तक्रारही आहे. तांदूळ बायकांचा, पायपीट बायकांची, आणि कारभाराच्या वरच्या जागी मात्र पुरुष. चर्चची ही सवय विधानसभेतही उतरली. मिझोराममध्ये मतदारयादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. तरी २०१८च्या निवडणुकीत एकही बाई निवडून आली नाही. २०२३मध्ये तिघी आल्या. त्यातल्या बॅरिल व्हान्नेइहसांगी मार्च २०२४मध्ये विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या, राज्याच्या पहिल्या महिला अध्यक्ष. आनंदाची गोष्ट आहे. पण जो फोरम जेवणावळी बंद करू शकतो, तो पक्षांकडे बायकांच्या उमेदवाऱ्याही मागू शकला असता. उमेदवार पितो का, चर्चमध्ये नियमित येतो का, याची चौकशी तिथे कसून होते. त्याच्या पक्षाने किती बायका उभ्या केल्या, हा प्रश्न तेवढ्या मोठ्याने विचारला जायला हवा.

चर्चचं सर्वांत मोठं काम मात्र निवडणुकीतलं नाही. १९५९मध्ये बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले, पिकं गेली, दुष्काळ पडला. त्या दुष्काळातल्या मदतकार्यातून लालडेंगा यांचा मिझो नॅशनल फ्रंट निघाला. देवासाठी आणि देशासाठी, असं त्याचं ब्रीद. देश म्हणजे वेगळा मिझो देश. १९६६मध्ये फ्रंटने बंड केलं आणि मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी आयझॉलवर बाँब टाकले. पुढे लष्कराने गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत कोंडली. वीस वर्षं हे चाललं. या सगळ्या काळात जंगलातल्या पोरांचा आणि सरकारचा, दोघांचाही विश्वास टिकून होता अशी एकच संस्था शिल्लक राहिली होती, चर्च. बंडखोर त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेले होते. तरीही पाळकांनी हिंसेला आशीर्वाद दिला नाही आणि पहिल्या वर्षापासून दोन्हीकडे निरोप नेले, बोलणी व्हावीत म्हणून धडपड केली. ३० जून १९८६ला करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले, २० फेब्रुवारी १९८७ला मिझोराम पूर्ण राज्य झालं. फ्रंटची बंदूक पुन्हा उठली नाही. ईशान्येत इतके करार झाले आणि फाटले, हा टिकला. आपल्याच माणसांना, त्यांच्या ऐन रागाच्या वेळी, थांबा म्हणणं फार कठीण असतं. मिझो पाळकांनी ते म्हटलं. धर्माने राजकारणात काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा ह्याकडे बोट दाखवीन.

आता मत कोणाला द्यायचं, ह्या विषयाकडे येतो. तिथे धर्माचा शब्द चालत नाही आणि ते बरं आहे.

फेब्रुवारी २०१८मध्ये नागालँडच्या बॅप्टिस्ट चर्च परिषदेने निवडणुकीआधी खुलं पत्र काढलं. क्रूस सोडून त्रिशूळवाल्यांच्या मागे जाऊ नका, अशा अर्थाचं. नागालँडमध्येही जवळपास ८८ टक्के लोक ख्रिस्ती, त्यात बहुसंख्य बॅप्टिस्ट. निकाल लागला तेव्हा भाजपच्या जागा एकवरून बारावर गेल्या होत्या. २०२३मध्ये पुन्हा बाराच.

२०२३च्या मिझोराममध्येही तेच दिसलं. मे महिन्यात मणिपूर पेटलं, शेकडो चर्च जाळली गेली, मिझोंच्या नात्यातली कुकी-झो कुटुंबं पळून मिझोराममध्ये आली. लोकांचा संताप खरा होता. मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी जाहीर सांगितलं की पंतप्रधानांबरोबर मी प्रचाराच्या व्यासपीठावर बसणार नाही. ख्रिस्ती मतदार या एका मुद्द्यावर आपल्यामागे येतील असा हिशेब असावा. फ्रंट २६ जागांवरून १०वर आला. झोरामथंगा स्वतः पडले. लालदुहोमांच्या झोराम पीपल्स मूव्हमेंटने २७ जागा घेतल्या, आणि भाजपची एक जागा होती तिथे दोन झाल्या. त्या दोन्ही जागा दक्षिणेतल्या मारा भागातल्या, म्हणजे ख्रिस्ती मतदारांच्याच.

याचा अर्थ मतदार चर्चला जुमानत नाही असा मी काढत नाही. तोच मतदार त्याच चर्चच्या सांगण्यावरून जेवणावळीला गेला नाही, रविवारची मोजणी त्याने थांबवून घेतली, आणि घरी गेल्यावर मूठभर तांदूळही काढून ठेवला. कसं वागावं हे त्याने पाळकाकडून ऐकून घेतलं. मत कोणाला द्यावं हे ऐकून घेतलं नाही, कारण रस्ता, रेशन, आल्याचा भाव, आमदाराची दहा वर्षांची वागणूक हे त्याला पाळकापेक्षा जास्त कळतं. लोकशाहीत यापेक्षा निरोगी गोष्ट मला माहीत नाही. सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी ती नीट बघून घ्यावी. फतवे काढणाऱ्यांनी, संतसंमेलनात ठराव करणाऱ्यांनी आणि पाळकांची पत्रं काढणाऱ्यांनीही.

दारूबंदीपाशी मात्र चर्चने स्वतःचं काम पोलिसाकडे दिलं, आणि तिथून घसरण सुरू झाली. १९९५मध्ये संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला, फेब्रुवारी १९९७पासून लागू. मागणी चर्चची. सतरा-अठरा वर्षांत काय झालं? चोरटी दारू आली, भेसळ आली, हप्ते आले. २०१४मध्ये काँग्रेस सरकारने नवा कायदा करून २०१५पासून दुकानं उघडली. २०१८मध्ये फ्रंट दारूबंदीचं वचन देऊन जिंकला, २०१९मध्ये बंदी परत आली. २०२५मध्ये नव्या सरकारने दुरुस्ती करून स्थानिक फळं आणि तांदळापासून केलेल्या मद्याला वाट करून दिली. बंद, उघड, बंद, किलकिलं. नागालँडची बंदी १९८९ची आहे, आणि दिमापूरमध्ये बाटली कुठे मिळते हे कोणालाही विचारा.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मला माहीत आहेत. बंदी मागणाऱ्या बायकांची मागणी खरी आहे, तिथलीही आणि आपल्याकडचीही. चंद्रपूरच्या बायका रस्त्यावर चालल्या म्हणून १ एप्रिल २०१५ला त्यांच्या जिल्ह्यात बंदी आली, आणि सहा वर्षांनी, २०२१मध्ये, मंत्रिमंडळाने ती उठवली. तिथे चर्चचा काही संबंध नव्हता, पण दुखणं तेच होतं. बंदी कागदावर उतरली की सगळे आपली जबाबदारी संपली असं समजतात. सरकार छापे मोजतं, समाज सुटकेचा श्वास सोडतो, आणि पिणाऱ्या नवऱ्यासाठी उपचाराची सोय शोधत बायको फिरत राहते.

मिझोराममध्ये तर आणखी एक आग लागली आहे. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन येतं. प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वांत जास्त मिझोराममध्ये आहे, अडीच टक्क्यांहून वर. देशाच्या सरासरीच्या दहापटीहून जास्त. दारू बंद केली म्हणून सुई आली, असा सरधोपट निष्कर्ष मी काढणार नाही. सीमा, गरिबी, बेकारी सगळंच त्यात आहे. पण ज्या समाजात व्यसन हे पाप ठरतं, तिथे व्यसनी पोरगा शेवटच्या दिवसापर्यंत लपून राहतो. बाटलीविरुद्ध कायदा मागायला जेवढा आवाज लावला, तेवढाच आवाज प्रत्येक चर्चच्या आवारात, प्रश्न न विचारता तपासणी आणि उपचार मिळावेत म्हणून लागायला हवा होता. तिथल्या काही चर्चनी व्यसनमुक्तीची केंद्रं चालवली आहेत, मनापासून चालवली आहेत. पुढाकार त्यांना द्या, पोलीस निरीक्षकाला नको.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागते ती.

१ फेब्रुवारी २०२१ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. चिन प्रांतातली माणसं टियाऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये यायला लागली. १० मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरच्या चार राज्यांना पत्र पाठवलं: घुसखोरी थांबवा, कोणाला निर्वासित ठरवायचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरामने ऐकलं नाही. मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमचीच माणसं आहेत, डोळे मिटून बसता येणार नाही. तीस हजारांवर माणसं आली. चंफाईच्या बाजूच्या गावांनी त्यांना समाजमंदिरांत, शाळांत, घरांत जागा दिली. सरकारी पैसा थोडाच होता. चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि साध्या कुटुंबांनी तांदूळ, पत्रे, पांघरुणं दिली, पोरांना शाळेत घातलं. २०२३मध्ये मणिपूरहून बारा हजारांवर आले, त्यांनाही सामावून घेतलं. एवढंसं राज्य, तिजोरी दिल्लीच्या अनुदानावर चालणारी, आणि त्याने हे केलं. परक्याला आसरा द्या ही शिकवण त्यांनी रविवारी ऐकली आणि सोमवारी पाळली. माझ्या आयुष्यात भारतातल्या कुठल्याही राज्याने केलेलं इतकं मोठ्या मनाचं काम मी थोडंच पाहिलं आहे.

पण ब्रूंचं काय?

ब्रू, म्हणजे रियांग, हेही मिझोरामचेच रहिवासी. त्यांची भाषा वेगळी, जमात वेगळी, धर्म संमिश्र: कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी जुन्या देवांचे. ऑक्टोबर १९९७मध्ये डंपा अभयारण्यात एका मिझो वनरक्षकाची हत्या झाली. ब्रू बंडखोरांचं ते काम. त्यानंतर जो हिंसाचार उसळला त्यात तीस हजारांहून जास्त ब्रू पळून त्रिपुरात गेले आणि छावण्यांत राहिले. एक वर्ष, दोन वर्षं नाही. २०२०च्या जानेवारीत त्यांना त्रिपुरातच वसवायचा करार झाला तोपर्यंत. छावणीत जन्मलेली पोरं छावणीतच आईबाप झाली. त्यांना परत आणायचे प्रयत्न झाले, पण मिझो संघटनांचा विरोध तीव्र होता. २०१८च्या निवडणुकीत छावणीतल्या ब्रूंना छावणीतच मत देता यावं की नाही यावरून आयझॉलमध्ये आंदोलन पेटलं, मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला राज्याबाहेर जावं लागलं, आणि ब्रूंना सीमेवरच्या कान्हमुन गावी येऊन मतदान करावं लागलं.

चर्चने त्यांना हाकललं असं मी म्हणत नाही. पण टियाऊ नदीच्या काठी जो आवाज खणखणीत लागला, तो त्रिपुराच्या छावण्यांसाठी तितका चढला नाही. नदीपलीकडून आलेले चिन रक्ताने आणि धर्माने आपले होते. ब्रू शेजारी होते, पण आपल्यातले नव्हते. नैर्ऋत्येतल्या चकमांचीही हीच कहाणी. ते बौद्ध. त्यांची स्वायत्त जिल्हा परिषद १९७२पासून आहे, तरी मिझो राजकारणात त्यांच्याकडे उपरे म्हणून बघणं थांबलेलं नाही. २०२३च्या तीन महिला आमदारांपैकी एक, प्रोवा चकमा, याच समाजातल्या. बायबलमधला भला शोमरोनी जखमी माणसाची जात विचारून खाली वाकला नव्हता. ही गोष्ट मिझोरामच्या रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. म्हणून तर मी त्यांच्याकडे जास्त मागतो.

आपल्याकडच्या वसईचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. एकोणीसशे ऐंशीचं दशक संपताना वसईत बिल्डरांचा आणि गुंडांचा धुमाकूळ होता. विहिरींचं गोडं पाणी टँकरने उपसून जात होतं, वाड्या-बागायती गिळल्या जात होत्या, बोलणाऱ्याला धमक्या मिळत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले. ते ख्रिस्ती वाड्यांपुरतं बोलले नाहीत. आगरी, वाडवळ, भंडारी, कोळी, आदिवासी, ज्यांची ज्यांची विहीर आटत होती त्या सगळ्यांसाठी बोलले. कॅथलिक धर्मगुरूला सत्तेचं पद घ्यायची मुभा त्यांच्या धर्मकायद्यात नाही. फादरना ते नकोही होतं. बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या या माणसाची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा, केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून, काहींनी विरोध केला होता. जानेवारी २०२०मध्ये ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि पर्यावरणाबद्दल, असहिष्णुतेबद्दल स्पष्ट बोलले. २५ जुलै २०२४ला ते गेले. झगा घातलेल्या माणसाने सार्वजनिक आयुष्यात कसं असावं, हे वसईने बघितलेलं आहे.

मिझोरामची पुढची विधानसभा निवडणूक २०२८च्या अखेरीला आहे. फोरम पुन्हा पक्षांना बोलावेल, पुन्हा करार पुढे ठेवेल. त्या करारात एक कलम वाढवावं: कोणत्याही जमातीची नावं मतदारयादीतून काढा, त्यांना राज्याबाहेर घालवा, अशी मागणी कोणताही पक्ष किंवा उमेदवार प्रचारात करणार नाही. आणि सगळ्या उमेदवारांची ती एकत्र सभा चकमांच्या आणि राहिलेल्या ब्रूंच्या गावांतही, त्यांच्या भाषेत, लावावी. जेवणावळी बंद करणाऱ्यांना हे जड नाही. सही घ्यायला पाळक जातील तेव्हा पक्ष नाही म्हणणार नाहीत.